झाडाच्या बुंध्यापर्यंत फरशी

...तर आमचे साडू घरची खुर्ची घेऊन गेले, ती झाड उपटायला आलेल्या त्या यंत्राच्या लोखंडी पात्यासमोर टाकली, वर ऐसपैस बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "आधी मला उचल, मग झाड उचल." काल गोष्ट इथवर आली आणि आतून जेवायची हाक आली, म्हणून राहिली. बरेच झाले म्हणा. काल सांगत होतो ती साडूंची मर्दुमकी. ती सांगायला सगळी वस्ती तयार आहे, माझी गरजच नाही. आज सांगायची आहे ती त्यांची शरम. ती माझ्याखेरीज कुणी नीट सांगणार नाही, कारण तिच्या शेवटाला हजर होतो आम्ही तिघेच, आणि तिघांत बोलघेवडा मी.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडे मागे जातो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. धंदा फरशी बसवण्याचा. वस्तीत त्यांना पाठीमागे सगळे गुण्या म्हणतात. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचे लोखंडी हत्यार. भिंतीच्या कोपऱ्यात धरले की कोपरा खरा की खोटा ते लगेच कळते. आमच्या साडूंच्या हातात ते नसले तरी डोळ्यांत असते. पहिल्यांदा सासुरवाडीला आले, तेव्हा सासऱ्यांना नमस्कार करायच्या आधी त्यांनी भिंतीवरची तसबीर सरळ केली. सासरे माझ्या कानात म्हणाले, "जावई चांगला आहे हो, पण बसायच्या आधीच आपल्या घराला नाव ठेवलं की!" दारातल्या चपला ओळीत लावतील, शेजारच्याच्या ताटातली वाटी सरकवून मध्ये आणतील. मेहुणी म्हणते, "माझा भांग वाकडा असेल तर यांना आधी तो दिसतो, मग मी दिसते."

तर खुर्ची. त्या दिवशी एक खुर्ची बघून शेजारणीने आपली आणली, तिची बघून तिसरीने. दुपारपर्यंत त्या यंत्रासमोर अख्ख्या वस्तीच्या खुर्च्या, स्टुले आणि एक आरामखुर्ची. आणि साडूंनी काय करावे? सगळ्यांना उठवून खुर्च्या एका रेषेत लावल्या! ड्रायव्हर खाली उतरला, झाडाखालच्या टपरीवर अक्कांचा चहा प्यायला आणि म्हणाला, "एवढ्या शिस्तीत बसलेल्या माणसांवर यंत्र घालणं आपल्याच्यानं होणार नाही."

ती जागा म्हणजे जुन्या बर्फाच्या कारखान्याची. कारखाना पडला, माती राहिली, आणि रस्त्याच्या बाजूला एक थोरले शिरीषाचे झाड राहिले. पालिकेला तिथे गाड्यांचा तळ करायचा होता. वस्तीत दुसरी मोकळी जागा म्हणाल तर गच्चीवर कपडे वाळत घालायची, तेवढीच. खुर्च्यांपुढे पालिका नमली, पण अर्धीच. साहेब म्हणाले, "बाग म्हणून सांभाळलीत तर बाग. नाही सांभाळलीत, तर गाड्यांचा आराखडा आमच्या कपाटात आहेच. आणि माळी-बिळी मागू नका, आमच्याकडे माणसं नाहीत."

वस्ती म्हणाली, माणसे आमच्याकडे आहेत. सुताराने बाके केली. रंगाऱ्याने ती रंगवली, त्यातल्या एकावर रंग ओला असताना आमची मंडळी बसली, तो किस्सा वेगळा. आणि साडू म्हणाले, "जमीन माझ्याकडे सोडा."

आता तुम्ही म्हणाल, जमीन तर होतीच. पण साडूंच्या लेखी माती म्हणजे जमीन नव्हे. माती म्हणजे अर्धवट राहिलेले काम. पायाला लागते, घरात येते, पाऊस पडला की निसरते, वर खाचखळगे. त्यांनी ज्या ज्या घरांत फरशी बसवली होती तिथे उरलेल्या फरश्या मागून आणल्या, कारखान्याच्या पडक्या भिंतींचे दगड फोडून खाली अंथरले, त्यावर सिमेंटचा कोबा ओतला, आणि कुंपणापासून कुंपणापर्यंत फरशी बसवायला घेतली. दिवसभर धंद्याचे काम, आणि उजेड असेतोवर बागेचे. एक छदाम घेतला नाही. गुडघे सुजले तर गुडघ्यांना पोती बांधून बसले.

खरी कारागिरी झाडापाशी. चौकोनी फरशी गोल बुंध्याला बसवायची कशी? दुसरा कुणी असता तर हातभर मोकळी जागा सोडून मोकळा झाला असता. साडूंना ते कसे चालेल? जागा सोडली म्हणजे हरले. त्यांनी कागदावर बुंध्याचा छाप घेतला, एकेक फरशी त्या गोलाईने कापली, घासली, आणि शिंपी गळ्याला पट्टी लावतो तशी झाडाला लावली. एक मूळ उंटाच्या पाठीसारखे वर आले होते, लेव्हल बिघडवत होते. ते छिन्नीने तासून सपाट केले. काम झाल्यावर सांध्यात नख घालून दाखवायचे. "शिरतंय का? बघा, शिरतंय का?" नख शिरत नव्हते.

अक्का तेवढ्या कुरकुरल्या. टपरीवरचे कप विसळलेले पाणी त्या बुंध्याशी टाकायच्या. त्यांनी विचारले, "मिस्त्री, आता माझ्या पाण्याचं काय करू? आधी झाड पीत होतं."

साडू छाती फुगवून म्हणाले, "टाका की तिथंच! असा ढाळ दिलाय अक्का, थेंबभर थांबणार नाही. सरळ गटारात."

म्हाताऱ्या माणसांचे पाय चिखलात जाईनात. बाया संध्याकाळी फेऱ्या मारू लागल्या. बागेचे अध्यक्ष म्हणून आम्ही एका निवृत्त हेडक्लार्कांना बसवले होते. काम नसलेला आणि आवाज असलेला माणूस अध्यक्षपदाला उत्तम. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "जमिनीत तोंड दिसतं, तोंड!" आणि साडू मान खाली घालून हसायचे. माणूस सुखात होता हो. आपण एक चांगली गोष्ट केली आणि ती सगळ्यांच्या पायाखाली आहे, याहून मोठे सुख कारागिराला नसते.

झाड मोठ्या मनाचे असते. लगेच काही बोलत नाही. काही वर्षे गेली. मग एका वर्षी पालवी उशिरा आली, दुसऱ्या वर्षी विरळ आली. शेंड्याकडच्या फांद्या हाडकांसारख्या दिसू लागल्या. "म्हातारं झालं," म्हणत सगळे फेऱ्या मारत राहिले. आणि एके दिवशी सकाळी, वारा नाही, काही नाही, एक जाडजूड फांदी कडाडून बाकावर पडली. बाक मोडले. नशीब, त्यावर कुणी नव्हते.

मग पालिकेचे साहेब आले. झाडाभोवती फिरले, खोडावर टिचक्या मारल्या. म्हणाले, "धोक्याचं आहे. तोडावं लागेल."

अध्यक्ष म्हणाले, "आणि बाग?"

साहेबांनी बुटाची टाच फरशीवर आपटली. एकदा, दोनदा. चेहरा उजळला त्यांचा. "झाड गेल्यावर बागेचं उरलं काय? सगळी फरशीच ना? पण काम पक्कं आहे हं. जड गाडीसुद्धा उभी राहील यावर. आमचं अर्धं काम तुम्हीच करून ठेवलंत! कुणी बसवली?"

एरवी हा प्रश्न कुणी विचारला की साडू गर्दीतून वाट काढत पुढे यायचे. त्या दिवशी सगळ्यांनी त्यांना पुढे ढकलले, तर ते म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी मिळूनच केलंय." आणि पुन्हा मागे सरकले. मी तिथेच होतो. मला वाटले, वा! काय हा विनय!

साहेब जाताना म्हणाले, "झाड कशानं सुकतंय ते शोधा. कारण सापडलं, ते दूर झालं, तर थोडी मुदत देईन. नाहीतर आराखडा बाहेर काढतो."

झाले. कारण शोधायचे म्हटल्यावर माणूस कधी आपल्या घरापासून सुरुवात करतो का? बागेतच सभा भरली. अध्यक्ष उभे राहिले आणि टपरीकडे बोट दाखवून म्हणाले, "कारण समोर आहे! उकळतं पाणी! वर्षानुवर्षं! बुंध्याशी!"

अक्कांनी हातातला कप खाली ठेवला. "अहो अध्यक्ष, कप विसळलेलं पाणी उकळतं असतं होय? मग माझे हात काय लोखंडाचे आहेत?"

लोक हसले. अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हसण्यावारी नेऊ नका! साबण असतो त्यात! सोडा असतो!"

"साबण मला परवडत नाही. राखेनं घासते. चव कळत नाही वाटतं तुम्हाला?"

पुन्हा हशा. सभा अक्कांच्या बाजूने झुकत होती. तेवढ्यात अध्यक्ष साडूंकडे वळले. "मिस्त्री, तुमच्या शब्दाला इथं वजन आहे. तुमची खिडकी बरोबर समोर आहे. तुम्हीच सांगा, या रोज बुंध्याशी पाणी ओततात की नाही?"

साडू उठले. शर्टाची बाही खाली ओढली. म्हणाले, "ओततात."

एवढेच. आणि बसले.

खोटे नव्हते हो. ओततच होत्या. पण साडूंच्या त्या एका शब्दाने हशा बंद झाला. ज्या बाईकडे वस्तीतल्या प्रत्येक टोमण्याला उत्तर होते, ती बाई साडूंकडे नुसती बघत राहिली. ठराव झाला, झाडाखालची टपरी उठवायची. दुसऱ्या दिवशी अक्कांनी स्टोव्ह, पातेली, फळकुटे हातगाडीवर घातली आणि पलीकडच्या बस थांब्याच्या मागे, जिथे कुत्रेही सावलीला बसत नाही, तिथे जाऊन मांडली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसे. फक्त तेव्हा आम्हाला चोर ठाऊक नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मेहुणी माझ्याकडे आली. घाबरीघुबरी. "भावोजी, यांना काहीतरी झालंय."

"ताप?"

"ताप असता तर गोळी दिली असती. भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं लटकतंय. यांनी बघितलं, आणि तसंच राहू दिलं!"

मीसुद्धा खुर्चीत सरळ झालो. प्रकरण गंभीर होते. कामावर जाताना साडू बस थांब्याचा रस्ता सोडून मागून लांबचा वळसा घालतात, बागेकडची खिडकी त्यांनी लावून घेतली आहे, आणि जेवताना ताट तिरके असले तरी जेवतात, असे तिने सांगितले. मी म्हटले, त्यांना माझ्याकडे पाठव.

ते आले ते खाली मान घालूनच. मी चहा मागवला. चहा बघून त्यांनी तोंड फिरवले. बराच वेळ कपाच्या कानाशी चाळा करत राहिले, मग म्हणाले, "दादा, तुम्ही खेड्यातले. झाडाला पाणी लागतं ते मुळाशीच लागतं ना? पानांवर पडलं तर चालत नसेल?"

आता मला कुणी गाव म्हटले की माझा नळ सुरू होतो. मी म्हटले, "ऐका. आमच्या शाळेला एक खोली, एक गुरुजी आणि दारात एक झाड. गुरुजींचा नियम असा, की पाटी पुसायची ती झाडाच्या बुडाशी. थुंकी लावून पुसली तर छडी. प्रत्येकानं घरून तांब्याभर पाणी आणायचं आणि पाटी तिथंच धुवायची. सगळं गाव उन्हानं करपलं तरी ते झाड हिरवंगार. आमच्या पाट्यांवरचे पाढे पिऊन वाढलं हो ते! आम्हाला पाठ झाले नाहीत, त्याला नक्की झाले असणार. मग एक इन्स्पेक्टर आले, त्यांच्या बुटाला चिखल लागला. म्हणाले, इथे दगड बसवून घ्या. बसवले. त्यानंतर..."

मी थांबलो. साडूंचा चेहरा बघूनच थांबलो. ओल्या मातीसारखा झाला होता.

"त्यानंतर काय झालं झाडाचं?" त्यांनी विचारले.

जे झाले होते ते दोघांनाही समजले होते. मी घाईघाईने म्हटले, "अहो, पण तुम्हाला काय ठाऊक! तुम्ही तर चांगल्या मनानं केलंत. कुणाच्या लक्षात येतं असलं?"

ते उठले आणि चहा न पिता गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मेहुणीची हाक. "भावोजी, लवकर या, हे घण घेऊन बागेत निघालेत!" मी पोचलो तेव्हा ती त्यांच्या पुढे उभी राहून हलक्या आवाजात विनवत होती. "अहो, झाड म्हातारं झालं म्हणून सुकलं म्हणा ना. सगळे तेच म्हणतायत. तुमचं नाव कुणी घेतलंय का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

साडू म्हणाले, "मूठ झाकलेली नाही गं. बुंधा झाकलाय."

आणि घण घातला. त्या घणाचा आवाज ऐकून वस्ती गोळा व्हायला कितीसा वेळ! अध्यक्ष तर अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत आले, एका गालावर फेस. "मिस्त्री! वेड लागलंय का? ही सार्वजनिक मालमत्ता आहे!"

"बसवली कुणी?"

"तुम्हीच!"

"मग मला जरा बोलू द्या. एक बादली पाणी मागवा."

पाणी आले. साडू अध्यक्षांना म्हणाले, "तुमच्या हातानं ओता. बुंध्याशी. जिथं अक्का ओतायच्या तिथंच."

अध्यक्षांनी ओतले. आता हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. ते पाणी बुंध्याला टेकले, क्षणभर थबकले, आणि हुशार पोराने मास्तरांचे ऐकावे तसे वळले. दोन बाजूंनी एकत्र आले, सांध्याच्या रेघेवरून सरळ चालत गेले, बाकांच्या मधून, फेऱ्या मारायच्या वाटेवरून, आणि कोपऱ्यातल्या जाळीतून गटारात उतरले. कुठे थांबले नाही, कुठे मुरले नाही. इतके सुंदर काम मी कुठल्या महालातही पाहिलेले नाही.

साडू म्हणाले, "बघितलंत? हे माझं काम. अक्कांचं पाणी थंड होतं का उकळतं, साबणाचं होतं का राखेचं, काही फरक पडत नाही. त्यातला एक थेंब झाडाला पोचलेला नाही. पोचला असता तर बरं झालं असतं. तेही नाही, आणि पावसाचंही नाही."

मग त्यांनी बुंध्याची ती गळ्याच्या पट्टीसारखी फरशी फोडली. एक फुटली, दुसरी फुटली. खालचा कोबा फुटायला मात्र तयार होईना. त्यांचेच हात त्यांच्याच हातांशी भांडत होते म्हणा. घाम डोळ्यांत जात होता. सुतार पुढे झाला, "द्या मिस्त्री, मी घालतो दोन घाव." त्यांनी त्याला कोपराने बाजूला सारले. शेवटी एक मोठा तुकडा पहारीने उचकटून उलटा केला, आणि आम्ही सगळे वाकून बघू लागलो.

खालची माती चुलीतल्या राखेसारखी भुरभुरीत. आणि कोब्याच्या पोटाला, खालच्या बाजूने, मुळे चिकटलेली. बारीक केसांसारखी, चपटी झालेली, वाळलेली. पाणी वर आहे असे वाटून ती वर आली असतील, कोब्याला डोके लावून अडली असतील, आणि तिथेच पसरत गेली असतील, कुठून तरी फट मिळेल म्हणून. फट नव्हती. नख शिरणार नाही असे काम होते ना.

साडूंनी तो तुकडा हातात धरून सगळ्यांना दाखवला. जवळ नेऊन, एकेकाला. स्वतःचे गुन्हे असे दारोदार दाखवत फिरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "हे मी केलंय," ते म्हणत होते. "पालिकेनं नाही. अक्कांनी नाही. मी."

आता शरमेची खरी गोष्ट इथून पुढे आहे, बरं का. कारण इथे लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हो, टाळ्या! आधी कुणीतरी मागून एक वाजवली, मग सगळ्यांनी. अध्यक्षांनी साडूंना मिठी मारली, दाढीचा फेस साडूंच्या शर्टाला. "असा माणूस पाहिजे! चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं!" बाया म्हणाल्या, "केवढं मोठं मन!" साडू म्हणत होते, "टाळ्या नका हो वाजवू, नका वाजवू," तर लोकांना वाटले हाही विनयच. रंगारी म्हणाला, "आणि सभेत अक्कांबद्दल बोललात, तेव्हा तुमच्या तरी कुठं लक्षात आलं होतं? लक्षात आलं तेव्हा लगेच सांगितलंत. अजून काय पाहिजे?"

"बरोबर!" सगळे म्हणाले. "तेव्हा कुठं ठाऊक होतं!"

साडूंनी तोंड उघडले. मी त्यांच्या अगदी जवळ उभा होतो, ओठ हललेले बघितले. मग ते मिटले. पुन्हा खाली वाकून त्यांनी घण उचलला. पण आधीपेक्षा मान जास्तच खाली गेली होती. टाळ्यांनी माणूस वर जातो म्हणतात. हा माणूस जमिनीत जात होता.

झाडाचे काय झाले ते आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल आणि पुढचे ऐकणार नाही. त्या दिवसापासून सगळी वस्ती फरशी काढायला लागली. ज्यांनी चमकत्या जमिनीत तोंडे पाहिली होती त्यांनीच पहारी धरल्या. साहेब आले, उकरलेली माती पाहिली, म्हणाले, "पुढच्या पालवीपर्यंत थांबतो." पालवी आली ती अर्ध्या झाडालाच. रस्त्याकडची बाजू वाळलेलीच राहिली. तेवढ्या वाळक्या फांद्या उतरवल्या. आतली बाजू हिरवी झाली. साहेबांनी अर्धे झाड बघून आराखडा अर्धाच बाहेर काढला आणि पुन्हा आत ठेवला. आज तिथे माती आहे, गवत आहे, पाऊस पडला की चिखल होतो, आणि अध्यक्ष चिखलाच्या नावाने बोंब मारतात. बाग आहे अजून. उद्याचे कुणी सांगावे?

तर त्या दिवशी संध्याकाळी. लोक पांगले होते. साडूंनी हात धुतले, पण धुळीने पांढरे झालेले कपडे बदलले नाहीत. मला म्हणाले, "दादा, चला जरा माझ्याबरोबर. एकट्याचे पाय उचलत नाहीत." आम्ही निघालो. या खेपेला मागचा वळसा घेतला नाही. सरळ रस्त्याने बस थांब्यापर्यंत गेलो.

अक्का स्टोव्हला हवा भरत होत्या. गिऱ्हाईक म्हणाल तर एकही नव्हते. आम्हाला बघून त्यांनी पंप मारणे थांबवले नाही.

"या दादा, बसा," त्या मला म्हणाल्या. साडूंकडे बघितले नाही. बाकडे एका बाजूला कललेले होते. मी बसलो. साडू उभेच राहिले.

"अक्का," साडू म्हणाले, "तुमची जागा तिथं आहे. उद्या गाडी मी ढकलत आणतो. अध्यक्षांशी बोललोय."

"कळलं मला. पाच जण येऊन सांगून गेले. म्हणे, मिस्त्रींनी काय भाषण केलं! टाळ्या इथपर्यंत ऐकू आल्या. मला वाटलं, कुणाचं लग्न लागलं."

अक्कांनी मला चहा दिला. दुसरा कप काढला, फडक्याने पुसला, आणि रिकामाच फळीवर ठेवला. किटली हातात धरून त्या पहिल्यांदा साडूंकडे वळल्या.

"मी येईन परत. झाडाखाली बसायला मला काय, आवडतंच की. लोक म्हणतायत, मिस्त्रींना तेव्हा ठाऊक नव्हतं, नंतर लक्षात आलं. मीही तसंच धरून चालेन, चहा ओतेन, विषय संपला. पण मिस्त्री, तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय मला. भर सभेत माझ्याकडे बघून तुम्ही 'ओततात' म्हणालात ना, तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं?"

मी मधे पडणार होतो. माझ्या तोंडात सबब तयार होती, चांगली गोड. पण साडूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. मग ते अक्कांना म्हणाले:

"ठाऊक होतं, अक्का. उठून उभा राहिलो तेव्हाच ठाऊक होतं. खरं बोललो तर फरशी फोडावी लागेल, आणि तसं काम माझ्या हातून पुन्हा व्हायचं नाही, म्हणून तुम्हाला जाऊ दिलं."